घुशीवर माइट कमी का सापडतात?
एक प्रश्न आलाय: तपासणीसाठी पकडलेल्या घुशीच्या अंगावर दोन-चारच माइट (कोळ्याच्या वर्गातले बारीक परजीवी) कसे? आधी प्राणी ठेवलेली पिशवी तपासा. प्राणी मेला, अंग गार पडलं की लीलॅप्ससारखे फिरते माइट उतरायला लागतात. म्हणून प्रत्येक प्राण्याला स्वतंत्र पांढरी कापडी पिशवी, आणि अंग विंचरून झालं की तीही उलटी करून ट्रेमध्ये झटकायची. ऑर्निथोनिसस बॅकोटी हा माइट तर रक्त पिऊन घरट्यात परततो; तो बिळातल्या गवतात शोधा.

चिगर या माइटचं उलटं. याची फक्त अळीच परजीवी, पुढच्या अवस्था मातीत. जेमतेम ०.२ मिमीच्या, सहा पायांच्या नारिंगी अळ्या कानाच्या आतल्या बाजूला पुंजक्याने चिकटतात. कंगव्याला दाद देत नाहीत. चिमट्याने ओढल्या तर मुखांगं तुटतात आणि जात ओळखणं अवघड होतं. मेलेल्या प्राण्याच्या कानाचा तो तुकडाच कापून ७० टक्के इथेनॉलमध्ये टाका. हे सगळं हातमोजे घालूनच, चिगरमधून स्क्रब टायफस हा तापाचा आजार होतो.

आणि नुसता चिगर निर्देशांक (दर प्राण्यामागे सरासरी किती चिगर) देऊ नका. एका उंदरावर शंभर, बाकी नऊ कोरे, तरी निर्देशांक १० येतो! दहापैकी किती बाधित, तेही लिहा.