लष्कराच्या ट्रकने धडक दिली, विमा कंपनीचा पत्ता नाही. भरपाई कोणाकडे मागायची?

रानवेडा
नमस्कार. घाईत आहे, थेट लिहितो. धाकट्या भावाच्या बाइकला लष्कराच्या ट्रकने मागून धडक दिली. उजव्या मनगटात प्लेट बसवली आहे. पोलीस म्हणतात, गाडी मिलिटरीची, तिकडेच विचारा. तिकडे गेटच्या आत सोडत नाहीत. वकील म्हणाले, विमा कंपनीचं नाव आणा, मग केस लावू. ट्रकचा नंबर ऑनलाइन टाकला तर काहीच येत नाही. विमा कोणत्या कंपनीचा आहे, हे कसं शोधायचं?

वाटसरू
हिट अँड रनची सरकारी योजना आहे. गंभीर जखमीला ५०,००० आणि मृत्यू झाला तर वारसांना २ लाख. तिथे अर्ज करा, कोर्टकचेरीच्या भानगडीत पडू नका.

काळा_कोट
@वाटसरू, ती योजना गाडीचा पत्ताच लागला नाही तर. इथे गाडी कोणाची ते माहीत आहे.
@रानवेडा, विमा कंपनी शोधण्यात वेळ घालवू नका, बहुधा ती नसणारच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ मध्ये विमा सक्तीचा आहे, पण सरकारच्या ज्या गाड्या धंद्यासाठी वापरल्या जात नाहीत त्यांना सूट आहे. विमा नाही म्हणून भरपाई बुडत नाही, ती मालकाने द्यायची. मालक भारत सरकार. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कलम १६६ खाली अर्ज करायचा आणि सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध दावा आहे ते, म्हणून 'भारत सरकार, संरक्षण मंत्रालयाच्या सचिवांमार्फत' असं लिहायचं. तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही चालतं.
आता सांगा: एफआयआर झाला का? अपघाताची तारीख काय? भाऊ काय काम करतो? यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही.

माजी_हवालदार
गाडी नक्की लष्कराची की बीएसएफ-सीआरपीएफची? ती दलं गृह मंत्रालयाखाली येतात, सामनेवाले बदलतील. नंबर प्लेटवर वर तोंड केलेला बाण होता का?

रानवेडा
बाण आहे. भावाच्या मित्राने फोटो काढला होता, पण प्लेटवर चिखल आहे. बाण, त्यापुढचे दोन आकडे आणि एक इंग्रजी अक्षर दिसतं, बाकी अर्धवट.
एफआयआर झाला आहे, पण त्यात 'अज्ञात लष्करी वाहन' लिहिलंय. अपघात १८ जानेवारीचा. भाऊ वेल्डिंग करतो.

माजी_हवालदार
बाणापुढचे दोन आकडे म्हणजे साल. हे नंबर आरटीओकडे नसतात, संरक्षण खात्याची नोंदणी वेगळी असते, म्हणून ऑनलाइन काही येत नाही. त्यात लपवाछपवी नाही. प्रत्येक गाडीची कार डायरी असते. गाडी कोणाच्या हुकमाने निघाली, किती वाजता, कुठे गेली, सगळं त्यात लिहिलेलं असतं. पोलिसांनी लष्कराच्या जवळच्या स्टेशन हेडक्वार्टरला लेखी पत्र देऊन तारीख आणि वेळ कळवली तर गाडी सापडते. माणूस जखमी झाला असेल तर युनिटमध्ये कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्कराची अंतर्गत चौकशीही बसते.

सडेतोड
काही सापडत नाही आणि काही मिळत नाही. सरकार म्हणतं आम्ही सार्वभौम, आमच्यावर दावा चालत नाही, फौज देशाचं काम करत होती. विषय संपला. त्यापेक्षा युनिटकडून मिळेल ते घ्या.

काळा_कोट
चुकीचं सांगून माणसाला घाबरवू नका. १९६२ मध्येच विद्यावती खटल्यात सुप्रीम कोर्टाने सरकारी जीपच्या अपघाताची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली होती. पुष्पा ठाकूर खटल्यात तर ट्रक लष्कराचाच होता. चालकाच्या निष्काळजीपणाने अपघात झाला असेल तर सार्वभौमत्वाची ढाल चालणार नाही, हे तिथे स्पष्ट झालं.

वाटसरू
पण सरकारवर केस करण्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८०. आमच्या जमिनीच्या दाव्यात दिली होती.

काळा_कोट
ती दिवाणी दाव्याला. न्यायाधिकरणातला अर्ज म्हणजे दिवाणी दावा नव्हे. नोटिशीत दोन महिने घालवले तर यांची मुदत जाईल. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. १८ जानेवारी म्हणजे १८ जुलै. आता जून संपत आलाय!

सडेतोड
मुदत १९९४ मध्येच काढून टाकली होती. आणि सुप्रीम कोर्टानेही उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नका असं सांगितलंय.

काळा_कोट
१९९४ मध्ये काढली ती २०१९ च्या दुरुस्तीने परत आली. तुम्ही म्हणताय तो सुप्रीम कोर्टाचा नोव्हेंबर २०२५ चा आदेश अंतरिम आहे, अंतिम निकाल नाही. तीन आठवडे हातात असताना त्याच्या भरवशावर कशाला राहायचं?

राइनकाठ
मी जर्मनीत असतो. इथे नाटोच्या परदेशी सैन्याच्या गाडीने धडक दिली तर दावा जर्मन सरकारच्याच कार्यालयात करतात. चूक पूर्णपणे त्या सैन्याची असेल तर ७५ टक्के त्यांचा देश देतो, २५ टक्के जर्मनी. १९५१ च्या करारातच तसं आहे. जखमी माणसाला छावणीच्या दारात जावंच लागत नाही. आपल्याकडे असं का नाही?

मेघना_प
आता रस्ते अपघातात पहिले ७ दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारही मिळतात, २०२५ पासून.

रानवेडा
उपचार कधीच झाले हो, बिलं आम्ही भरली. राइनकाठ, तिथलं कळलं, पण मला इथलं हवंय.
एक राहिलं. काल युनिटमधून एक सुभेदार साहेब घरी आले होते. चांगले बोलले. दवाखान्याचा खर्च द्यायला तयार आहेत, पण एका कागदावर भावाची सही हवी आहे. 'यापुढे कोणतीही तक्रार वा मागणी राहणार नाही' असं त्यात आहे. आई म्हणते घेऊन टाका.

माजी_हवालदार
घ्या ना. साहेब स्वतः घरी आले म्हणजे युनिटला जाणीव आहे. ड्रायव्हरच्या नोकरीचाही विचार करा, तोही कोणाचा तरी मुलगा आहे.

काळा_कोट
हवालदारसाहेब, तुमच्या सेवेबद्दल आदर आहे, पण हे पटत नाही. जवानावर लष्करी कायद्याने काय व्हायचं ते वेगळं. हा दावा सरकारकडून भरपाईसाठी आहे. वेल्डरचं उजवं मनगट गेलंय.
@रानवेडा, पैसे घ्यायचे तर 'उपचारखर्चापोटी मिळाले' एवढ्याच पावतीवर सही करा. त्या कागदावर नको. भाऊ आता काम करू शकतो का?

रानवेडा
वेल्डिंगचा होल्डर धरला की दोन मिनिटांत बोटं सैल पडतात आणि हातातून सुटतो. रॉड बदलायलाही दुसऱ्याला बोलवावं लागतं. डॉक्टर म्हणाले, अपंगत्व ३० टक्क्यांच्या आसपास लिहितील.

काळा_कोट
हेच सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे तुम्ही शेवटी सांगताय. दाखल्यावर ३० टक्के असले तरी कमाईचं नुकसान ३० टक्केच धरायचं असं नाही. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की त्या दुखापतीने त्या माणसाच्या त्या कामावर काय परिणाम झाला ते बघायचं. कारकुनाचं मनगट आणि वेल्डरचं मनगट एक नाही. सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाचा दाखला घ्या. ज्या वर्कशॉपमध्ये तो काम करायचा त्यांची पगाराची नोंद, बिलं, डिस्चार्ज कार्ड एकत्र करा.

माजी_हवालदार
हाताचं हे माहीत नव्हतं. मग सही नकोच. सुभेदार साहेब आले म्हणजे गाडी त्यांचीच. त्यांचं नाव, युनिट आणि भेटीची तारीख लिहून तपास अधिकाऱ्याला लेखी द्या आणि पोच घ्या. 'अज्ञात वाहन' तिथेच संपतं. लष्कराला माहिती अधिकार लागू आहे, युनिटकडे अर्जही टाका.

रानवेडा
तो कागद अजून घरीच आहे, सही झालेली नाही. उद्या सकाळी पोलीस ठाण्यात अर्ज देतो. वकील मात्र बदलावे लागतील असं दिसतंय. अपघात दाव्यांची कामं करणारं कोणी ओळखीत असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा. १८ तारखेच्या आत अर्ज दाखल व्हायलाच हवा.

सडेतोड
पाठवलाय. माझ्या मेहुण्याची केस त्यांनीच चालवली होती.