समझोता, तडजोड की राजीनामा?

नौपाडेकर: आईच्या घरातल्या गळतीवरून वरच्या मजल्यावाल्यांवर ठाण्याच्या कोर्टात दावा लावला होता. तारखांना कंटाळून दोघांनी घरीच मिटवलं. कोर्टनाक्यावर टाइप करून घेतलं: ८०,००० रुपये, चार हप्ते. त्या भरवशावर आईने दावा काढून घेतला. दोन हप्ते आले, पुढे सामसूम. कागदावर मथळा आहे ‘समझोता’. वकीलबाई म्हणतात, ‘ही कोर्टाची तडजोड नव्हे, नुसता करार.’ फरक काय?

ऐरोलीची ताई: समझोता हिंदीतून आला. आपला शब्द समेट. समेट माणसांचा होतो, तडजोड मागण्यांची. भाऊ भाऊ समेट करतात. लाख मागून ऐंशीवर येणं ही तडजोड.

जुना कारकून: ताई, घरात तुमचं बरोबर. कोर्टात मात्र कागद कुठवर पोचला ते बघतात. दावा चालू असताना दोन्ही बाजू सह्या करून तडजोड पुरसीस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, देतात. तिला निशाणी क्रमांक, म्हणजे कोर्टाच्या फायलीतला नंबर, पडतो. न्यायाधीश साहेब विचारतात, ‘मजकूर समजला का? राजीखुशीने का?’ मग त्याबरहुकूम हुकूमनामा, म्हणजे कोर्टाची डिक्री. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २३, नियम ३. मजकूर लेखी आणि सहीचाच हवा, ही अट १९७६च्या दुरुस्तीने आली. पुढे कुणी फिरला की नवा दावा नको, थेट दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज. मुदत १२ वर्षं.

नौपाडेकर, तुमचा कागद रद्दी नाही हो. १८७२च्या करार कायद्याने त्याला वजन आहे. पण वसुलीला त्या करारावर नवा दावा लावायचा, हप्ता बुडाल्यापासून ३ वर्षांच्या आत. पुन्हा समन्स, पुन्हा तारखा. आईंनी दावा काढण्याआधी हाच मजकूर पुरसीस म्हणून दिला असता तर... असो. घरच्या कागदावर ‘हुकूमनामा’ असा मथळा टाइप करून आणणारेही पाहिलेत मी!

ऐरोलीची ताई: आणि लोकअदालतीत मिटलं तर?

जुना कारकून: त्याला निवाडा म्हणतात. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तो हुकूमनाम्याच्या तोडीचा. अपील नाही, कोर्ट फी परत.

नौपाडेकर: कागदाच्या शेवटी ‘उभयतांनी राजीनामा लिहून दिला’ असंही आहे. आई घाबरली, म्हणते, मी कशाचा राजीनामा दिला?

जुना कारकून: टाइपिस्ट जुना दिसतो! राजी अधिक नामा, म्हणजे राजी असल्याचा कागद. हिंदीत आजही तडजोडपत्राला राजीनामाच म्हणतात. आपल्या महसुलात राजीनामा-कबुलायत असे: जमीन सोडणारा राजीनामा देई, घेणारा कबुलायत. मला वाटतं, नोकरी सोडण्याचा अर्थ तिथूनच सरकत आला. आईंना सांगा, त्यांनी काही सोडलेलं नाही.

नौपाडेकर: सांगतो. वकीलबाई उद्या नोटीस काढतायत. त्यात या कागदाला काय म्हणायचं?

जुना कारकून: ‘अमुक तारखेचा करारनामा’ म्हणा. समझोता अवतरणात राहू दे.