होमरनच्या आधी वय आणि लीग बघा

बेसबॉलमध्ये मायनर लीगमधले (सर्वोच्च मेजर लीगच्या खालच्या लीग) होनहार फलंदाज होमरनच्या (चेंडू थेट मैदानाबाहेर मारण्याच्या) आकड्यावरून निवडावेत, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. मेजर लीगमधल्या एंजल्स संघाचीच दोन उदाहरणं घ्या. ब्रँडन वूडने २००५ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, कॅलिफोर्निया लीग या मायनर लीगमध्ये ४३ होमरन मारले. आणि तेही शॉर्टस्टॉप असून (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक; या जागेवर ताकदीपेक्षा चपळाई बघतात)! सगळे हरखून गेले. पण त्याच मोसमात तो शंभराहून जास्त वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला होता, आणि ती लीग फलंदाजांना झुकतं माप देणारी: कोरडी हवा, वारा, त्यामुळे चेंडू लांब जातो. मेजर लीगमध्ये त्याची सरासरी (फलंदाजीच्या संधींमागे यशस्वी फटक्यांचं प्रमाण) जेमतेम .१८६ आणि एकूण होमरन फक्त १८. फार वाईट वाटलं होतं.

उलट, पुढे मेजर लीगचा मोठा तारा झालेला माइक ट्राउट २०१० मध्ये एंजल्सच्या सीडर रॅपिड्स या मायनर लीग संघाकडून खेळला, तेव्हा १८ वर्षांचा होता. आपल्याहून तीन-चार वर्षांनी मोठ्या गोलंदाजांसमोर त्याची सरासरी .३६२ होती, आणि बेस ऑन बॉल्सही (चार चुकीचे चेंडू सोडून मिळालेला पहिला बेस) भरपूर. होमरन मात्र मोजकेच. म्हणून मी आधी लीगच्या सरासरी वयाशी खेळाडूचं वय ताडून बघतो, मग स्ट्राइकआउट आणि बेस ऑन बॉल्सचं प्रमाण. ताकद पुढे वाढू शकते. चेंडू ओळखण्याची नजर उशिरा येणं फार दुर्मीळ.