मदत हवी आहे: टॉक्सिकॉलॉजी (विषशास्त्र) करून सरकारी सायंटिस्ट कसं व्हायचं?

नमस्कार मंडळी, भाची बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करतेय आणि सध्या तिच्या डोक्यात लिंडा बर्नबॉम बसल्यात, अमेरिकेतल्या टॉक्सिकॉलॉजिस्ट, आधी ईपीएमध्ये (तिथली सरकारी पर्यावरण संरक्षण संस्था) डायॉक्सिन या विषारी रसायनांवर काम आणि मग २००९ ते २०१९ एनआयईएचएस या तिथल्याच सरकारी पर्यावरण-आरोग्य संशोधन संस्थेच्या डायरेक्टर, म्हणजे लॅबमधून थेट धोरणापर्यंत. आपल्याकडे जमतं का असं काही? २०१७ला यवतमाळात फवारणी करताना विषबाधेने माणसं गेली तेव्हापासून तिला कीटकनाशकांचंच पडलंय. लखनौच्या आयआयटीआरमधून (टॉक्सिकॉलॉजीची सरकारी संशोधन संस्था) पीएचडी करायची म्हणते, ते ठीक, पण पुढे फरिदाबादला जिथे कीटकनाशकांचं रजिस्ट्रेशन होतं तिथे टॉक्सिकॉलॉजीवाल्यांना कसं घेतात, यूपीएससीतून की डेप्युटेशनवर? आत काम केलेलं कोणी असेल तर सांगा ना प्लीज, क्लासवाल्यांचे नंबर मात्र नकोत, ते ढीगभर आहेत.