ग्रिड पडल्यावर सौर पॅनेलचं काय?
गावोगावी छतांवर सौर पॅनेल बसवले की संकटात वीज टिकेल, हे तुमचं म्हणणं पटतं, पण अर्धंच. फक्त ग्रिडला, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याला, जोडलेला साधा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) ग्रिड बंद पडताच स्वतःही बंद होतो. तारा दुरुस्त करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून ही सोय असते, आणि ती हवीच. पण मग भर उन्हात पॅनेल नुसते तापत राहतात! सोबत बॅटरी आणि ग्रिडपासून तुटून चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटाची वीज गेली, तेव्हा अदहुंतास गावातल्या कासा पुएब्लो संस्थेत सौरवीज चालू होती. लोक तिथे फोन चार्ज करायला, वैद्यकीय उपकरणं चालवायला येत. म्हणून संकटानंतरच्या पुनर्बांधणीचा पैसा आधी दवाखाने आणि पाण्याच्या पंपांसाठीच्या बॅटऱ्यांवर खर्च व्हायला हवा, घरांची छतं त्यानंतर.