बोअरमधून पंपाशिवाय पाणी वाहतंय, कसं काय?

प्रश्न : सोलापूरकडच्या माळावर, वनहद्दीलगत बोअर आहे. केसिंगवरून (बोअरमध्ये बसवलेल्या पाईपवरून) धार चालूच. खाली झरा आहे का? बंद कशी करायची?

उत्तर १ : झरा नव्हे, दाब. पाणी उंचावरच्या माळात मुरतं, भेगाळ, सच्छिद्र मांजऱ्या खडकातून उतारानं सरकतं. वर अखंड काळ्या पाषाणाचं झाकण. ते भेदलं की पाणी उसळतं.

उत्तर २ : केसिंगला उभा पारदर्शक पाईप घट्ट जोडा. पाणी जिथं थांबेल त्या उंचीवरून दाब कळतो. 10 मीटरला दर चौरस सेंटीमीटरवर साधारण 1 किलो. धारही मोजा: 20 लिटरची बादली 40 सेकंदांत भरली तर मिनिटाला 30 लिटर.

उत्तर ३ : नुसतं झाकण ठोकू नका! केसिंग मुरमातच टेकलं असेल तर पाणी बाहेरून फुटतं. ते पाषाणात बसवा, भोवती सिमेंटचा घोळ भरा, आठवड्यानं व्हॉल्व्ह. उन्हाळ्यात धार थांबली तरी बोअर आटली असं नाही. पातळी केसिंगच्या तोंडाखाली गेली, एवढंच.