टीव्ही बातम्या आणि फाशीबद्दलचं मत: प्रश्नावली फसलीय, मदत हवी (अर्जंट)

चिंगी_०७: एमएचं डिझर्टेशन, शुक्रवारी सबमिशन. बातम्या बघण्याचा फाशीबद्दलच्या मतावर काय परिणाम होतो असा विषय. फॉर्म भरून घेतले पण कायच निघत नाहीये, बातम्या बघणारे न बघणारे सगळे 'हो'च म्हणतात. गाईड म्हणतात प्रश्नावलीच चुकलीय. प्लीज लवकर सांगा, आणि थिअरी नको, ती येते मला.

बापू_सातारकर: किती फॉर्म? कुणाचे? प्रश्न काय होता? सगळं पोटात ठेवायचं आणि वर घाई.

चिंगी_०७: ६४. 'बलात्कार करून खून करणाऱ्याला फाशी व्हावी का?' हो/नाही. ६१ हो.

आडवाटेचा: गर्बनर वाचा, टीव्हीच्या परिणामांवर संशोधन करणारा. जास्त टीव्ही बघणाऱ्याला जग आहे त्याहून भयंकर वाटतं, आणि मग

चिंगी_०७: थिअरी नको म्हटलं ना!!

नगरी_बाणा: सगळं टीव्हीवर ढकलू नका. कोपर्डीच्या बलात्कार-खुनानंतर लाखोंचे मोर्चे निघाले ते काय चॅनेलवाल्यांनी काढले?

कमळजा: मग खैरलांजीला का नाही निघाली सगळ्यांची मेणबत्ती? दलित कुटुंबातले चार जण मारले, २००६ साल. शक्ती मिलचा सामूहिक बलात्कार मुंबईत घडला म्हणून दिवसरात्र टीव्हीवर. कुठली केस दिसते हाच तर परिणाम.

नगरी_बाणा: जात आणलीच शेवटी.

वकीलकाका: भांडा तिकडे. चिंगी, असा प्रश्न विचारल्यावर नाही कोण म्हणणार? पर्याय ठेव. अमेरिकेत गॅलप या सर्वेक्षण संस्थेनं २०१९ ला विचारलं तेव्हा खुनाला फाशी असावी म्हणणारे ५६ टक्के, पण पॅरोल नसलेली जन्मठेप समोर ठेवली की फाशी निवडणारे ३६. दुसरं, निम्म्या लोकांना आधी भोकरदनची केस वाचायला दे. २००३ चा गुन्हा, भटक्या जमातीतले सहा जण, २००९ ला सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली आणि २०१९ ला त्याच कोर्टानं निर्दोष सोडलं. उरलेल्यांना काही देऊ नको. मग दोन्हीकडची उत्तरं ताडून बघ, तुझा परिणाम तिथं सापडला तर सापडेल.

चिंगी_०७: काका, चार दिवसांत परत फॉर्म?? आधीचे ६४ फुकट?

बापू_सातारकर: कुणाकडून भरून घेतले ते अजून सांगितलं नाहीस.

चिंगी_०७: सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. गेल्या महिन्यात आमच्याकडे कँडल मार्च होता ना, त्याच संध्याकाळी, सगळे ऑनलाइन असतात म्हणून. वर मार्चचा फोटो लावला होता, छान दिसावं म्हणून.

वकीलकाका: 🤦

आडवाटेचा: फोटो लावला!

कमळजा: ते तीन 'नाही'वाले कोण ते शोध, त्यांना भेटून बोल, एक चॅप्टर तिथंच होतो.

चिंगी_०७: एक माझे आजोबा. म्हणतात १९९० पासून टीव्हीच बघत नाही.

पुणेकर_पक्का: बाइंडिंगसाठी अप्पा बळवंत चौकात जा, एका दिवसात मिळतं. घासाघीस करायची मात्र.